विश्लेषण : टायर फुटला की फुटू दिला? वऱ्हाडातल्या उन्हात ट्रकचे टायर कसे निवडावे, कसे जपावे

एप्रिल-मे महिन्यात अमरावतीहून अकोल्याकडे निघाले, की महामार्गाच्या कडेला काळ्या रबराच्या चिंध्या दिसू लागतात. प्रत्येक चिंधी म्हणजे कोणत्या तरी ट्रकचा वाटेत दगावलेला टायर. बहुतेक वेळा चालक स्टेपनी चढवतो आणि पुढे निघतो. कधी मात्र गाडी दुभाजकावर चढते, उलटते किंवा समोरच्या वाहनावर जाते. मग पंचनाम्यात आणि बातमीत एकच कारण येते : ‘टायर फुटल्याने’. तो का फुटला, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर टायर क्वचितच अचानक फुटतो. तो फुटण्याची तयारी कित्येक दिवस, कित्येक फेऱ्या सुरू असते आणि ती बहुतेकदा डोळ्यांना, हाताला आणि हवा मोजण्याच्या गेजला कळण्यासारखी असते.

टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत कोसळली आणि एकाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्यात चालकाचा दोष नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्या. एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. देवाची करणी म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरची नैसर्गिक घटना. टायर फुटण्यामागे मात्र जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासाआधी टायरची स्थिती पाहणे हे चालक-मालकाचे काम आहे, असा या निकालाचा आशय होता.

‘टायर फुटला’ हे वाक्य तपासून घेण्याची गरज दुसऱ्या एका घटनेतूनही दिसली. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. मात्र, अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात, टायर फुटल्याच्या खुणा घटनास्थळी आढळल्या नाहीत, असे नमूद करण्यात आले. टायरवर दोष टाकणे सोपे असते, कारण टायरला उत्तर देता येत नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न अधिक गंभीर का?

सुरत, धुळे, भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर आणि पुढे रायपूर असा राष्ट्रीय महामार्ग ५३ हा पश्चिम आणि पूर्व भारताला जोडणारा मालवाहतुकीचा मोठा रस्ता आहे. दोन्ही जिल्ह्यांतला कापूस, सोयाबीन, तूर, अकोल्याच्या डाळ मिलचा माल, वरूड-मोर्शीचा संत्रा याच रस्त्याला लागतो. या महामार्गाचे अमरावती-अकोला दरम्यानचे काम अनेक वर्षे रखडले होते आणि खड्डे हे टायर कापले जाण्याचे मोठे कारण होते. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला.

रस्ते सुधारले, ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे टायरचा शत्रू बदलला. पूर्वी खड्डा टायर कापत असे, आता सलग वेग टायर तापवतो. त्यात वऱ्हाडाचे ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला उष्णतेपायी कलम १४४ लागू करावे लागले. सावलीतली हवा ४५ अंशांवर असते, तेव्हा उन्हातला रस्ता ६० अंशांच्याही पुढे गेलेला असतो. टायर त्या तव्यावर तासन् तास फिरतो.

टायर आतून का तापतो?

उन्हापेक्षा मोठी उष्णता टायर स्वतःच तयार करतो. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. लोखंडी तार सारखी वाकवली की गरम होते, तसेच हे. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, वजन जास्त असेल तरी जास्त दबतो आणि वेग वाढला की दबणे-सुटणे मिनिटाला अधिक वेळा होते. कमी हवा, जास्त माल आणि जास्त वेग ही तिन्ही कारणे एकत्र आली की आतल्या तारा आणि रबर यांची पकड सैल होते, थर सुटू लागतात आणि शेवटी वरचा पट्टा उडतो. रस्त्याकडेला दिसतात त्या चिंध्या याच.

या नुकसानीची आठवण टायर ठेवतो. सोमवारी कमी हवेवर शंभर किलोमीटर धावलेल्या टायरमध्ये मंगळवारी पूर्ण हवा भरली, तरी आत सैल झालेला थर पुन्हा चिकटत नाही. तो गुरुवारी फुटला तर चालकाला वाटते, ‘हवा तर बरोबर होती’. शिफारशीपेक्षा २० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय पुन्हा वापरू नये, असा टायर उद्योगातला दंडक आहे.

गरम टायरची हवा का काढू नये?

वऱ्हाडात उन्हाळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे धाब्यावर गाडी थांबवून टायरला हात लावायचा, तो चटका देतो म्हणून थोडी हवा सोडायची. हिशेब पाहू. सकाळी २७ अंशांना टायरमध्ये १२० पीएसआय हवा आहे. दुपारी टायरमधली हवा ६७ अंशांपर्यंत तापली, तर गेज साधारण १३८ दाखवेल. हे वाढणे स्वाभाविक आहे आणि टायर बनवताना ते धरलेले असते. चालकाने हवा सोडून ती पुन्हा १२० वर आणली, तर रात्री टायर थंड झाल्यावर आत उरतील फक्त १०४ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी तोच माल घेऊन टायर जास्त दबेल, जास्त तापेल आणि चालक पुन्हा हवा सोडेल. गारवा मिळावा म्हणून केलेली ही गोष्ट टायरला आणखी तापवते.

म्हणून हवा नेहमी थंड टायरवर मोजावी. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटरच चाललेली असावी. टायर वारंवार जास्तच तापत असेल, तर माल कमी करणे, वेग कमी करणे आणि सकाळी हवा तपासणे हेच उपाय.

नायट्रोजनबद्दलही गैरसमज आहेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढा फायदा आहे. पण नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासणे सोडले, तर तो फायदा तोट्यात जातो.

टायरच्या बाजूवरचे आकडे काय सांगतात?

विकत घेताना बहुतेक जण आकार, कंपनी आणि भाव पाहतात. पण सर्वात महत्त्वाचा आकडा असतो वजनाचा. उदाहरणार्थ, ‘१०.०० आर २०’ या आकाराच्या १६ प्लाय टायरवर ‘१४६/१४३ के’ असे लिहिलेले असते. १४६ म्हणजे चाक एकेरी असेल तर एक टायर ३,००० किलो पेलतो. १४३ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी २,७२५ किलो. ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटरची वेगमर्यादा. ‘१६ प्लाय’ म्हणजे आत सोळा थर आहेत असे नाही, ती ताकदीची जुनी श्रेणी आहे.

या आकड्याचा कस २०१८ मध्ये लागला. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायर असलेल्या एकेरी अक्षाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. जोडचाकात १४३ क्रमांकाचे चार टायर मिळून पेलतात १०,९०० किलो. जुन्या मर्यादेला ते पुरत होते, नव्या मर्यादेला ६०० किलो कमी पडतात. म्हणजे सहा चाकी ट्रकने मागच्या अक्षावर पूर्णपणे कायदेशीर ११.५ टन वजन घेतले, तरी हे टायर ताकदीच्या पलीकडे चालतात. तिथे १८ प्लायचे, १४९/१४६ क्रमांकाचे टायर हवेत. ते जोडचाकात प्रत्येकी ३,००० किलो, म्हणजे चार मिळून १२ टन पेलतात. कागदावरची मर्यादा वाढली म्हणून टायरची ताकद वाढत नाही, हे टायर घेताना लक्षात ठेवायला हवे.

दुसरा आकडा जन्मतारखेचा. बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात उन्हात तीन-चार वर्षे पडलेला ‘नवा’ टायर खरोखर नवा नसतो, हा आकडा पाहूनच पैसे द्यावेत. आयएसआय चिन्हही पाहावे. ट्रक-बसच्या टायरना ते सक्तीचे आहे.

नायलॉन की रेडियल? पुढे कोणता, मागे कोणता?

ज्याला बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात, त्याच्या आतले धागे तिरके एकमेकांवर असतात. भिंत जाड आणि ताठ असल्याने खदानीच्या, कच्च्या रस्त्यावर तो मार सोसतो. पण सलग वेगात तो जास्त तापतो. रेडियलमध्ये आतले धागे आडवे आणि वर पोलादी पट्टे असतात. तो कमी तापतो, जास्त किलोमीटर जातो आणि डिझेलही वाचवतो. मोठ्या ट्रकच्या डिझेलपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश टायर फिरवण्यातच जाते, त्यामुळे हा फरक लहान नाही.

अकोल्याहून मुंबई, सुरत किंवा रायपूरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला रेडियल हाच शहाणपणाचा पर्याय. गिट्टी-मुरूम वाहणाऱ्या, दिवसभर खदान ते साइट फिरणाऱ्या टिप्परला कापले न जाणारे जाड नक्षीचे टायर हवेत. एकाच अक्षावर एकीकडे नायलॉन आणि दुसरीकडे रेडियल मात्र कधीही लावू नये. दोघांची वागण्याची तऱ्हा वेगळी असते, ब्रेक लावताना गाडी ओढली जाते.

पुढच्या चाकांना सरळ उभ्या खाचांचे टायर लावावेत. त्याने स्टिअरिंग नीट राहते. ओढणाऱ्या मागच्या चाकांना आडव्या, खोल नक्षीचे. ट्रेलरच्या चाकांना पुन्हा सरळ खाचांचे. सर्वात चांगली जोडी नेहमी पुढे असावी, कारण पुढचा टायर गेला तर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. अमेरिकेत म्हणूनच अवजड वाहनांच्या पुढच्या टायरला सुमारे ३.२ मिलिमीटर आणि बाकीच्यांना १.६ मिलिमीटर नक्षी बंधनकारक आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ नुसार ट्रकच्या पुढच्या-मागच्या सर्व टायरना १.६ मिलिमीटर हीच किमान खोली आहे. वाहनमालकाने पुढच्या चाकासाठी स्वतःच दुप्पट मर्यादा पाळली, तर पावसाळ्यात ती कामी येते.

रिमोल्ड टायर वाईट असतो का?

रस्त्यावरची प्रत्येक चिंधी रिमोल्डची असते, हा समज पक्का आहे. मिशिगन विद्यापीठाने अमेरिकेतल्या महामार्गांवरचे असे तुकडे तपासले, तेव्हा रिमोल्ड हेच मूळ कारण असल्याचे दिसले नाही. नवे टायरही तसेच फुटलेले होते आणि मुख्य कारणे होती रस्त्यावरच्या वस्तूंचा मार आणि कमी हवा किंवा जास्त वजनाने आलेली उष्णता. चांगल्या सांगाड्यावर चांगल्या कारखान्यात चढवलेले रबर मागच्या चाकांना व्यवस्थित चालते आणि नव्या टायरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होते. अट एवढीच की, नक्षी पूर्ण संपून तारा दिसण्याआधी टायर रिमोल्डला द्यावा आणि तो कमी हवेवर चाललेला नसावा. पुढच्या चाकांना मात्र रिमोल्ड लावू नये.

रोज काय पाहावे?

सकाळी गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटे पुरतात. हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखते, पण १२० आणि ९५ पीएसआयमधला फरक तिला कळत नाही. काही शे रुपयांचे गेज तो दाखवते. हवा किती ठेवायची, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून आणि प्रत्यक्ष वजनावरून ठरवावे.

जोडचाकातला आतला टायर सर्वात दुर्लक्षित असतो, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला त्रास होतो. आतल्यात हवा कमी असेल तर सगळे वजन बाहेरच्यावर येते आणि निकामी होतो तो बाहेरचा. जोडीतल्या दोन टायरच्या उंचीत साधारण सहा मिलिमीटरहून जास्त फरक नसावा. दोन टायरच्या मधे अडकलेला दगड दिसताच काढावा. व्हॉल्व्हला टोपी असावी, ती धूळ आणि गळती दोन्ही रोखते.

टायर कसा घासला, हे पाहिले तर गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा घासला तर हवा जास्त, एकच कड घासली तर अलाइनमेंट बिघडलेली, जागोजाग खड्डे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बेअरिंग पाहायला हवे. नवा टायर टाकून हे दुखणे जात नाही, तो नवा टायरही तसाच घासतो.

पंक्चरच्या दुकानातला धोका

ट्यूबवाल्या टायरच्या रिमवर पोलादी रिंग असते. ती नीट बसली नसेल आणि हवा भरली, तर रिंग तोफगोळ्यासारखी उडते. रस्त्याकडेच्या दुकानात हवा भरणारा मुलगा बहुतेकदा टायरवर वाकूनच उभा असतो. लोखंडी पिंजऱ्यात टायर ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरणे हा यावरचा साधा उपाय आहे. वाकलेली, गंजलेली रिंग पुन्हा न वापरणे हा दुसरा. कमी हवेवर बराच धावलेला रेडियल रस्त्यातच पुन्हा फुगवणे तितकेच धोक्याचे, कारण भिंतीतल्या तुटलेल्या तारा चेन उघडावी तशा एका रांगेत उसवतात. महामार्ग सुरक्षेच्या चर्चेत या दुकानदारांचा उल्लेखही नसतो.

कायदा कुठे कमी पडतो?

व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. महिन्याला आठ हजार किलोमीटर धावणारा ट्रक दोन वर्षांत १ लाख ९२ हजार किलोमीटर कापतो. तेवढ्यात टायरचा संच बदलून जातो. म्हणजे प्रमाणपत्राच्या दिवशी दाखवलेले टायर आणि रस्त्यावर धावणारे टायर यांचा संबंध उरत नाही. समृद्धीवर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली, ती योग्य होती. मात्र नक्षी पाहणे सोपे आणि हवा व वजन पाहणे कष्टाचे असल्याने तपासणी नक्षीपाशीच थांबते. फुटणाऱ्या टायरची नक्षी अनेकदा चांगली असते.

जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा आहे. हे कलम फक्त चालकासाठी नाही, तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही ते लागू होते. प्रत्यक्षात दंडाची पावती फाडली जाते चालकाच्या नावाने. माल भरणारा व्यापारी, भाडे ठरवणारा दलाल आणि गाडीचा मालक यांच्यापर्यंत ती क्वचित पोचते.

मग करायचे काय?

एका रेडियल टायरची किंमत वीस हजारांच्या पुढे असते आणि दहा चाकी गाडीचा संच दोन लाखांवर जातो. एकच गाडी असलेला मालक-चालक तो खर्च पुढे ढकलतो, यात नवल नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा. पण ज्या गोष्टींना पैसे जवळपास लागतच नाहीत, त्या तरी व्हायला हव्यात.

अमरावती आणि अकोल्याच्या बाजार समित्या आणि एमआयडीसीत काटे आहेत. तिथून निघणाऱ्या गाडीची वजनपावती मर्यादेच्या आत असल्याशिवाय फाटक उघडायचे नाही, हा नियम माल भरणाऱ्यालाही जबाबदार करील. टोल नाक्यांवर आणि समृद्धीच्या थांब्यांवर ट्रकला पुरेल इतक्या दाबाची हवा आणि तपासलेले गेज चोवीस तास मिळायला हवे. टायर फुटला म्हणून चालकाच्या पगारातून पैसे कापणाऱ्या मालकाने आधी त्याला गेज आणि सकाळची दहा मिनिटे दिली का, हे स्वतःला विचारावे.

सर्वात महत्त्वाचे काम पोलीस आणि परिवहन विभागाचे. अपघातांच्या नोंदीसाठी देशात आता ई-डार ही ऑनलाइन प्रणाली आहे. ‘टायर फुटल्याने’ असे लिहिताना त्या टायरचा वजन क्रमांक, तयार झाल्याचा आठवडा, उरलेली नक्षी, बाकीच्या चाकांतली हवा आणि गाडीतला माल या पाच गोष्टी नोंदवणे सक्तीचे केले, तर वर्षभरात कळेल की वऱ्हाडातले टायर कशाने फुटतात. उच्च न्यायालयाने देवाची करणी नाकारली आहे. माणसाची करणी नेमकी कोणाची, हे लिहून ठेवण्याचे काम अजून बाकी आहे.